उजव्या हाताचा डाव

रविवारी दुपारी दर्शनाने माळ्यावरून पांढरा खोका काढला, तेव्हा कॉटवर पडलेल्या कुंडलिकरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पप्पा, उठा. बोलिंग खेळायचंय."

"नको," ते जड जिभेने म्हणाले.

आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. गोदीत तीस वर्षं क्रेन चालवलेला उजवा हात आता परक्यासारखा मांडीवर पडून असायचा. फिजिओथेरपिस्ट तेजलने शुक्रवारी दर्शनाला जिन्यात गाठून स्पष्ट सांगितलं होतं, "खांदा आखडत चाललाय. अजून दोन महिने हलवला नाही, तर मग माझ्याही हातात काही राहणार नाही." पण व्यायामाचा रबरी चेंडू दिला की कुंडलिकराव तो डाव्या हाताने भिंतीवर भिरकावत. मी काय लहान पोर आहे, असा त्यांचा राग.

तेव्हा दर्शनाला 'वी' हे घरातलं जुनं व्हिडिओ गेमचं यंत्र आठवलं. तिचा भाऊ आकाश जहाजावर होता. २००९ साली त्याने ते सिंगापूरहून आणलं. रिमोट धरून नुसता हात फिरवायचा, की पडद्यावरचा माणूसही तसाच हात फिरवायचा. तोवर व्हिडिओ गेम म्हणजे पोरांनी कोपऱ्यात बसून बटणं बडवायची. हे आलं आणि घाटकोपरच्या त्यांच्या इमारतीतली आजी-आजोबा मंडळीसुद्धा दारात चपला काढून आपल्या पाळीची वाट बघू लागली. दर्शनाची आई शांताबाई पदर खोचून टेनिस खेळायची. मग जो तो आपापल्या फोनमध्ये शिरला, कंपनीनेही नवी यंत्रं काढली, आणि खोका माळ्यावर गेला.

"आमच्या सेंटरमधलं हाताचं मशीन ह्याच्याच खानदानातलं," तेजल म्हणाली होती. "चालत असेल तर लाव बिनधास्त."

मायलेकींनी मिळून कुंडलिकरावांना खुर्चीवर बसवलं. यंत्र सुरू झालं, संगीतही वाजलं. पण पडद्यावर हाताचं चिन्ह येईना, आणि त्याशिवाय चेंडू घरंगळवून पिना पाडायचा बोलिंगचा खेळ निवडता येत नव्हता. टीव्हीखाली ठेवायच्या काळ्या पट्टीची वायर उंदरांनी कुरतडली होती.

"बंद कर." कुंडलिकराव काठी चाचपू लागले.

आता ते कॉटवर गेले, की पुन्हा यासाठी उठायचे नाहीत. "पाच मिनिटं, पप्पा, प्लीज!" तिने फोनवर घाईघाईने शोधलं. कुणीतरी लिहिलं होतं, पट्टीत फक्त दोन टोकांना न दिसणारे दिवे असतात, रिमोट ते बघून दिशा धरतो. दोन मेणबत्त्याही चालतात.

"आई, मेणबत्त्या आहेत?"

"वंदनेच्या आहेत. बुद्धांपुढच्या." शांताबाई जागची हलली नाही. "खेळायला नाही देणार हां मी."

"खेळायला नाही गं. पप्पांच्या हातासाठी."

शांताबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग स्वतःच दोन मेणबत्त्या आणून टीव्हीखाली वीतभर अंतरावर लावल्या आणि पंखा बंद केला. उकाड्यात तिघंही श्वास रोखून बघत राहिली. पडद्यावर एक पांढरा हात उमटला.

कुंडलिकरावांनी रिमोटसाठी डावा हात पुढे केला.

"तो नाही. उजवा."

"बोटं... धरत नाहीत."

दर्शनाने रिमोट त्यांच्या उजव्या पंजाला क्रेप बँडेजने बांधला. "बटण मी दाबून धरते, सोडलं की चेंडू सुटतो. हात तुम्ही फिरवा."

बायकोचा खांदा धरून ते उभे राहिले. पहिल्यांदा हात जेमतेम हलला. चेंडू बाजूच्या खोबणीत गेला. दुसऱ्यांदा त्यांनी सगळं अंग झोकलं, आणि गुडघा मुडपला. दोघींनी त्यांना कसंबसं सावरलं. धक्क्याने मेणबत्ती कलंडली. शांताबाईने ती हातानेच विझवली.

"बास झालं! पडले असते तर वाट लागली असती!" तिचा आवाज फाटला.

हाड मोडलं असतं, तर? दर्शना बँडेज सोडायला लागली, तसा कुंडलिकरावांनी हात मागे ओढला. उजवा हात. कोपर उचललं गेलेलं तिच्या तळव्याला जाणवलं. तिने बँडेज परत घट्ट केलं. बोललं तर ती हालचाल विरून जाईल, अशी धास्ती वाटली तिला.

"लाव," ते शांताबाईला म्हणाले. "मेणबत्ती."

"मग खुर्चीत बसून. नाहीतर नाही."

ते बसले. डोळे मिटले, दात आवळले. हात मांडीवरून सुटला, कमरेपर्यंत आला, पुढे गेला. दर्शनाने बटण सोडलं. चेंडू रेंगाळत, वाकडातिकडा जाऊन कडेला लागला. तीन पिना पडल्या.

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. कुंडलिकराव घामाघूम होऊन स्वतःच्या हाताकडे बघत होते.

"परत," ते म्हणाले.

दोन महिन्यांनी तेजलने मोजलं, हात खांद्यापर्यंत वर जात होता. बोटं मात्र आली नाहीत. सदऱ्याची बटणं अजून शांताबाईच लावते. रोज संध्याकाळी पाचला खालच्या मजल्यावरचे भीमराज खेळायला शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात. काल ते जिंकले, तर कुंडलिकरावांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.