दोन जर्मन्यांचा नकाशा

२००५ सालच्या एप्रिलमध्ये मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या लायब्ररीने मला बाद केलं, आणि त्याच दुपारी माझं खरं आयुष्य सुरू झालं. मित्रांनो, मी युरोपच्या रेल्वेमार्गांचा नकाशा. जुना किती? तर माझ्यावर अजून दोन जर्मन्या आहेत, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

म्युनिकजवळच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. मोठे मार्ग लाल, डोंगरातले हिरवे, बोटींचे निळे तुटक. कागद जाड, घड्या सुबक. लायब्ररीत सुरुवातीला माझी चैन होती. कॉलेजची मुलं मला घेऊन जायची आणि परत आणून देताना माझ्या घडीत वाळूचे कण सापडायचे. मग माणसं कॉम्प्युटरवर रस्ते बघायला लागली. मी खणात पडून राहिलो. शेवटी कोपऱ्यावर बाद झाल्याचा शिक्का बसला आणि मला विक्रीच्या खोक्यात टाकलं.

तिथून मला सुहासिनीकाकूंनी उचललं. काकूंचं वय सहासष्ट, कपाळावर बारीक टिकली, हातात भिंग. आदल्या वर्षी त्यांच्या एका डोळ्यात मधोमध डाग पडला होता आणि गाडी चालवणं कायमचं सुटलं होतं. मित्रांनो, ट्रॉयमध्ये गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. भाजी आणायची तर कुणालातरी विचारा. देवळात जायचं तर कुणाला वेळ आहे ते बघा. "कधी निघायचं?" हे काकूंनी ठरवायचे दिवस संपले होते. म्हणून त्यांना आगगाडी हवी होती. रोज सकाळी उठून, कुणालाही न विचारता, आज कुठे जायचं ते ठरवायचं होतं.

त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

"हा नकाशा आहे की इतिहास?" मोरेश्वरकाकांनी चष्मा कपाळावर ढकलला. मोटारींच्या ब्रेकची डिझाइनं करण्यात त्यांची हयात गेली होती. "अगं, दोन जर्मन्या आहेत यात!"

"असू द्यात. देश बदलले असतील. रूळ तिथेच आहेत."

त्या एका वाक्यासाठी मी काकूंचा झालो.

त्यांची बेत आखायची रीत न्यारी होती. पेन हातात घेत नसत. जिथे आठवडाभर राहायचं, तिथे राजम्याचा दाणा. तिथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल, तिथे मुगाचा. राजमा ठेवायचा तो अशाच गावी, जिथून निदान तीन दिशांना गाड्या सुटतात. एकीकडे पाऊस असला तर दुसरीकडे जाता येतं. राहायचं स्टेशनपासून चालत जाता येईल अशा साध्या खोलीत, म्हणजे टॅक्सी नको. रेल्वेचा पास अमेरिकेतूनच विकत न्यावा लागे. दोन महिन्यांत कुठलेही दहा दिवस हवं तितकं फिरा. फक्त त्या दिवशी गाडीत चढण्याआधी पासावर आपल्या हाताने तारीख लिहायची. हे दहा दिवस लांबच्या प्रवासाला राखायचे आणि जवळच्या गावांना साधं तिकीट काढायचं, असं काकूंनी ठरवलं. आपल्या हाताने तारीख लिहायची, हे तर त्यांना फारच आवडलं होतं.

रविवारी मुलगा आला, परीक्षित. त्याने मुगाचा एक दाणा उचलून तोंडात टाकला.

"आई, कम ऑन. आपल्या मंडळाची बस टूर जातेय ना. सगळं ऑर्गनाइज्ड. सोबत महाराज असतो, रोज वरणभात मिळतो."

"म्हणजे बस थांबेल तिथे मी उतरायचं?"

"हो."

"आणि हॉर्न वाजला की चढायचं?"

"तू असं बोलतेस जसं काही ते जेल आहे."

"मी कुठे म्हटलं? तूच म्हणालास. आणि तो व्हेनिसचा दाणा होता. दुसरा ठेव."

एका शनिवारी शेजारची राधिका काकूंना देवळात घेऊन गेली. राधिका नागपूरची, वर्क व्हिसावर कॉम्प्युटरची नोकरी करणारी. त्या दोघी गेल्या तशी काकांनी सगळे दाणे एका वाटीत भरले, पट्टी घेतली, बॉलपेन घेतलं आणि माझ्यावर रेघ ओढली. बोलोन्या, मिलान, स्वित्झर्लंडमधून आरपार, म्युनिक. माझ्यावर कधी कुणी पेन चालवलं नव्हतं. मला फार लागलं. पण त्यांच्या मनात वाईट नव्हतं. बायको दाण्यांशी खेळत बसलीय, तिला नेमका रस्ता काढून द्यावा, एवढंच त्यांना वाटत होतं.

काकू आणि राधिका परत आल्या. भिंग रेघेवरून सरकत गेलं आणि आल्प्सवर थांबलं.

"ही रेघ तुमच्या पासपोर्टची आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या पासपोर्टची नाही."

काका केव्हाच अमेरिकन नागरिक झाले होते. त्यांना व्हिसा लागतच नव्हता. काकूंनी भारताचा पासपोर्ट सोडला नव्हता. त्या काळी स्वित्झर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागे. बाकीच्या युरोपचा जो व्हिसा काकूंना मिळाला होता, तो एकदाच आत शिरण्याचा होता. स्वित्झर्लंडमध्ये पाऊल टाकलं असतं, तर म्युनिकला जाताना पुन्हा आत घेतलं नसतं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून काका हे विसरले होते.

मग माणूस चूक झाल्यावर चिडतो तसे ते चिडले. "मग हो ना सिटिझन! किती वर्षं सांगतोय. ही राधिकासुद्धा चान्स मिळाला तर उद्या होईल."

"काका, प्लीज, मला मधे नका घेऊ," राधिका म्हणाली.

"गाडी चालवणं सुटलं ते माझ्या हातात नव्हतं," काकू म्हणाल्या. "पासपोर्ट माझ्या हातात आहे. आणि डोंगराला वळसा घालता येतो."

त्यांनी वाटी उचलली आणि दाणे पुन्हा मांडले. बोलोन्या, वेरोना, ब्रेनरची खिंड, इन्सब्रुक, म्युनिक. निळ्या शाईची रेघ एकीकडे एकटीच पडली.

"मग मी नाही येत. मी टूरबरोबर जातो," काका म्हणाले.

"जा. वरणभात आवडतोच तुम्हाला."

"आई, एकटी हरवलीस तर?" परीक्षितने फोनवर विचारलं.

"विचारीन कुणालातरी. तोंड आहे मला."

सप्टेंबरात आम्ही निघालो, काकू आणि मी. इन्सब्रुकला एका दुपारी स्टेशनवरच्या फोनवरून त्यांनी घरी फोन लावला. काका टूरवरून कधीच परतले होते.

"आज कुठे?" काकांनी विचारलं.

"अजून ठरलं नाही."

"असं कसं?"

"असंच."

दोन गाड्या उभ्या होत्या. एक पूर्वेला साल्झबुर्गला जाणारी, एक दक्षिणेला खिंडीतून बोल्झानोला. बेत साल्झबुर्गचा होता. पण पूर्वेकडे आभाळ भरून आलं होतं आणि दक्षिणेचे डोंगर उन्हात होते. काकूंनी मला गुडघ्यावर उलगडलं, भिंगातून पाहिलं, पासावर स्वतःच्या हाताने तारीख लिहिली आणि बोल्झानोच्या गाडीत चढल्या. गाडी हलली तेव्हा त्या मोठ्याने हसल्या. समोरच्या बाईने काय झालं म्हणून बघितलं. काकूंनी तिला चिवडा दिला.

मित्रांनो, याला आता तीन वर्षं झाली. राधिका नोकरी बदलून मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला गेली. तिचं ग्रीन कार्ड अजून रखडलेलंच आहे, पण मागच्या उन्हाळ्यात ती पोर्तुगालभर आगगाडीने हिंडून आली. मोरेश्वरकाका २००७ साली काकूंबरोबर गेले. ते बॅग उचलत आणि रोज सकाळी "आज कुठे?" विचारत. कधीकधी उत्तर मिळे. काकूंनी आपला पासपोर्ट पुन्हा दहा वर्षांसाठी करून घेतला, आणि सध्या त्या पोलंडच्या व्हिसाच्या मागे आहेत. परीक्षितने आईच्या वाढदिवसाला मला फ्रेम केलं. फार प्रेमाने केलं, जाड काच लावली, आणि दिवाणखान्यात टांगलं. पाहुणे येतात, "वा, काय अँटिक आहे!" म्हणतात आणि समोसे खातात.

याला का माझी काळजी घेणं म्हणायचं? जुन्या वस्तूला जपा, असं सगळेच सांगतात. मी सांगतो, जुन्या वस्तूला कामाला लावा. काचेआड मी सुरक्षित आहे, आणि मला ही सुरक्षितता नको आहे. तुमच्या घरी असा कुणी टांगलेला असेल, तर त्याची काच काढा. उलगडा त्याला. घडीवर फाटला तर फाटला, चिकटपट्टी कुठेही मिळते.