गोठलेल्या द्रवातला ध्वनिवेग

जावईबापूंच्या तक्त्याशेजारच्या आलेखात एकही बिंदू रेषेबाहेर नव्हता, तिथेच मला शंका आली. खऱ्या मोजमापात कुठेतरी बुडबुडा अडकतो, हात हलतो. यांचे बिंदू परेडला उभे राहिल्यासारखे.

जावईबापू म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले संशोधक. सरांनी त्यांना कधी साधी बाटली विसळू दिली नाही, म्हणून हे नाव. आमचं काम असं: अल्कोहोलमध्ये दुसरा एक द्रव ठरावीक प्रमाणात मिसळायचा आणि वेगवेगळ्या तापमानांना मिश्रणाची घनता आणि त्यातून जाणाऱ्या ध्वनीचा वेग मोजायचा. "आमची मेहुणी दारूला कान लावून बसते," असं भाऊजी पाहुण्यांना सांगतात. त्यांना निदान काम कळलं आहे.

त्या सकाळी सरांनी तो तक्ता माझ्यापुढे सरकवला. खाली छापलं होतं: 'वरील सर्व रीडिंग मी पडताळली आहेत.'

"सही कर. तुझा प्रबंधही आजच पुढे पाठवतो."

माझी चार वर्षं त्यांच्या खणात दोन महिने पडून होती.

"पडताळून करते, सर."

"अगं, नुसती पद्धत असते ती!"

तक्त्याची पहिलीच ओळ: शुद्ध टर्शरी ब्युटेनॉल, तापमान वीस अंश, घनता पाच आकड्यांपर्यंत, शेजारी ध्वनिवेग. हे अल्कोहोल पंचविसाच्या आसपासच गोठतं. थंडीत त्याची बाटली कोमट पाण्यात धरल्याशिवाय थेंब निघत नाही. पण ज्यांनी ती कधी ओतलीच नाही, त्यांना हे कोण सांगणार? त्यांनी तीस-चाळीस अंशांचे आकडे कुठूनतरी उचलले आणि पट्टी लावून रेषा मागे वीसपर्यंत ओढली.

मी नव्या बाटलीतलं थोडं अल्कोहोल छोट्या बाटलीत घेतलं, बूच लावलं आणि वीस अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवलं. तासाभराने ती पुसून सरांच्या खोलीत नेली. जावईबापू तिथेच चहा पीत होते. मी बूच काढून बाटली तक्त्यावर उपडी धरली.

"अगं, कागद!" सर ओरडले.

कागदाला काही झालं नाही. थेंबसुद्धा पडला नाही.

"यातून वेग कसा मोजलात?" मी जावईबापूंना विचारलं. "यंत्रातली चकती द्रवातून वर-खाली सरकवावी लागते. या गोळ्यात ती हलली तरी का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "माझ्या बाटलीत थोडं पाणी गेलं असेल. पाणी असलं की गोठत नाही ते."

"बरोबर. मग शुद्धता साडेनव्व्याण्णव टक्के लिहिलीय, ती कशाची?"

जावईबापूंनी पुन्हा कप उचलला. तो रिकामा होता, तरी प्यायले.

"वीसची ओळ काढून टाकू," सर म्हणाले. "बाकी सगळं झकास आहे." माशी काढली की दूध चांगलं, एवढंच त्यांचं शास्त्र. "आता सही कर. नाहीतर हा खण काही उघडत नाही."

मी पेन घेतलं. छापील वाक्यावर काट मारून लिहिलं: 'वीस अंशांना हा पदार्थ घन असतो. बाकीची रीडिंग मी पाहिलेली नाहीत.' खाली सही, तारीख.

"हा कागद आता पाठवू कसा मी?"

"सही मागितलीत, सर. दिली."

खण बंदच राहिला. मी बाटली उचलली. हाताच्या उबेने आतलं अल्कोहोल कडेकडेने वितळायला लागलं होतं, आणि माझी तीस अंशांची रीडिंग घ्यायची होती.