नखुल्यांचा बुधवार

चूक माझी होती, हे आधीच कबूल करतो. म्हणजे पुढचं सांगताना मोकळेपणानं थोडं इकडचं तिकडचं घालता येईल.

नंदिनी, आमची नात, तिची सुपारी, म्हणजे साखरपुडा, नवरदेवाच्या गावी खाप्याला झाली. जेवणात खीर होती, ती दुकानातल्या शेवयांची. कोणीतरी म्हणालं, लग्नातल्या खिरीला नखुले मुलीकडूनच येतील ना? आता नखुले म्हणजे काय हे हल्ली सांगावं लागतं. घट्ट भिजवलेल्या रव्याची जवाएवढी गोळी घ्यायची, तळहातावर ठेवून नखाच्या धारेनं दाबत ओढायची. ती आपसूक आत वळते आणि हुबेहूब नखासारखा पोकळ शिंपला होऊन पडते. वाळवायचे आणि लग्नाच्या खिरीत सोडायचे. करताना पाच सवाष्णी मिळून परात भरतात, पण पहिली मूठ मुलीच्या घरातल्या थोरल्या बाईच्या हातची लागते. आमच्या घरात तो हात माझ्या बायकोचा, सिंधूचा. माझ्या तीन बहिणींची, दोन पोरींची आणि हुडकेश्वरातल्या आमच्या अर्ध्या गल्लीची पहिली मूठ तिनंच घातलेली.

एवढं सांगून मी थांबायला हवं होतं. पण समोर पन्नास माणसं, पोटात खीर, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. मी म्हणालो, सिंधूचा नखुला पेपरवर ठेवला तर खालची बातमी वाचता येते. लोक हसले. मग मी म्हणालो, एकदा कोणी चुकून पंखा लावला, तर अख्खी परात उडाली ती थेट कामठीला, आणि तिथल्या हातमागवाल्यांना वाटलं कापूस उडून आला. त्यांनी दोन दिवस कातायचा प्रयत्न केला. लोक लोळायचे बाकी राहिले.

हसली नाही ती एकटी बायजाबाई. अनिशची, म्हणजे नवरदेवाची आजी. वय ऐंशीच्या पुढं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तिनं माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, नखुले कोणत्या दिवशी. भावना, आमची सून, म्हणाली याच बुधवारी. बायजाबाई म्हणाली, मग मी येते, पेपर घेऊन येते.

परतीच्या गाडीत सिंधू हात पदराखाली घेऊन बसली. सावनेरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तिनं पदराखालून दोन्ही हात काढून माझ्या मांडीवर ठेवले. सेहेचाळीस वर्षं ज्या बाईच्या हातचं खातोय, तिची नखं मी त्या दिवशी पाहिली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटत होती. काही टोकाशी तुटून आत गेलेली, आणि उजव्या अंगठ्याचं, ज्याच्यावर खापा ते हुडकेश्वर मी एवढी हवा भरून ठेवली होती, ते मधोमध चिरलेलं. त्याला तिनं चिकटपट्टी गुंडाळली होती. आठ महिन्यांपासून असं चाललंय म्हणाली. डॉक्टरनं रक्त तपासलं, तिथं काही निघालं नाही. वय झालं, आणि जन्मभर भांड्याच्या साबणात हात.

"तुमी बोलून मोकळे झाले," सिंधू म्हणाली. "पण मायी नात आहे. पयली मूठ माया हातची नाई पडली, त मी तिच्या लग्नात पाहुणी म्हणून बसू काय?"

मी खाली उतरून केळी आणली. ती तिनं खाल्ली नाहीत.

त्या दिवसापासून घरात कोणी धड बसलं असेल तर शपथ. सिंधू स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून देवापाशी. मी तिच्या मागं, ती वळली की पुढं. भावनानं बिचारीनं सुचवलं की बचत गटाच्या बायकांकडे तयार नखुले मिळतात, तर सिंधू ताटावरून उठली. शेवटी सोमवारी सकाळी नंदिनीनं फर्मान काढलं, आजीला पार्लरमध्ये न्यायचं. नखं मजबूत करायची सोय असते तिथं.

पार्लर हुडकेश्वर रोडवर, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. बाया-पुरुष दोघांसाठी अशी पाटी होती, पण पुरुष म्हणून त्या सकाळी मी एकटाच. मला एका गोल फिरत्या स्टुलावर बसवलं. असलं आसन माझ्यासारख्याला देऊ नये. मी त्यावर तासभर घड्याळासारखा फिरत होतो.

नखांचं काम बघणारी पोरगी कामिनी. कामठीहून रोज ऑटोनं येते. तिच्या घरी हातमाग आहेत, त्यामुळे माझी ती कापसाची गोष्ट मी गिळून टाकली. तिनं सिंधूचे हात उजेडात धरले, एकेक नख दाबून पाहिलं आणि काय काय करता येतं त्याची यादीच समोर ठेवली.

पहिलं ॲक्रिलिक. वरून नवं नख चिकटवायचं, पाहिजे तेवढं लांब. मी म्हणालो, हेच करा. कामिनी म्हणाली, चिकटवायच्या आधी खालचं नख घासावं लागतं, आणि यांचं आधीच कागदासारखं आहे. काढताना उरलंसुरलंही जाईल. दुसरं जेल. नखावर थर द्यायचा आणि दिव्याखाली कडक करायचा, संध्याकाळपर्यंत नख दगड. मी म्हणालो, मग हे करा. तिसरं गरम तेलाचं, चौथं वितळलेल्या मेणात हात बुडवायचं, त्यानं कातडी मऊ होते. आणि शेवटचं जपानी. त्यात नख पार आखूड कापायचं, मधमाशीच्या मेणाचा लेप चामड्याच्या तुकड्यानं घासून घासून नखात मुरवायचा. वर रंग नाही, काही नाही.

सिंधूनं सगळं ऐकलं आणि पर्समधून स्टीलची डबी काढली. तिच्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली रव्याची कणीक होती. नंदिनीनं कपाळाला हात लावला. सिंधूनं कामिनीकडून जेलचा नमुना मागून घेतला, ते प्लास्टिकचं नख चिमटीत धरलं, तळहातावर गोळी ठेवली आणि ओढली. जो काय पडला तो नखुला नव्हता. लहान बाळाच्या चपलेएवढा जाड होता. जेलचा थर वरून चकचकीत, पण धार बोथट. दोनदा केलं, दोनदा चप्पल.

तिनं डबी बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. मग विचारलं, त्या मेणवाल्यानं बुधवारपर्यंत धार येईल काय.

मी कामिनीला डोळ्यानं खूण केली, की बाई, हो म्हणून टाक. माझ्या आयुष्यात मी असंख्य माणसांना हो म्हणून टाकलंय, कोणाचं काही बिघडलं नाही. पण ती पोरगी माझ्याकडे न बघता सिंधूपाशी वाकली.

"आजी, मी हो म्हणलं असतं त तुमी खूश होऊन गेल्या असत्या," ती म्हणाली. "पण बुधवारपर्यंत काहीच होत नाही. नख मुळातून वाढून येते. दर पंधरा दिवसांनी मेन लावा, भांडे घासताना हातमोजे घाला, तवा कुठं चार-पाच महिन्यात नवं येईन."

दुकानात बसून गिऱ्हाइकाला खरं सांगणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. माझं स्टूल आणखी जोरात फिरायला लागलं, आणि काहीतरी करायला हवं म्हणून मी खिशातून संत्रं काढलं आणि करंगळीनं सोलायला घेतलं.

आता माझ्या या करंगळीच्या नखाबद्दल. ते मी नोकरीला लागलो तेव्हापासून राखलेलं आहे. बोटाच्या टोकापुढं चांगलं अर्धं बोट. सिंधूनं ते कापायला लावायचे सगळे उपाय केले, उपासही केला, पण मी हटलो नाही. त्यानं मी पाकिटं उघडतो, सुपारीची साल काढतो, आणि एकदा तर बँकेची तिजोरी उघडून दिली होती. ही शेवटची गोष्ट मी कामिनीला सांगायला लागलो, तर कोणी ऐकेना. सगळ्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

सिंधू उठली. सेहेचाळीस वर्षांत चारचौघांत तिनं माझा हात धरला नव्हता, तो मनगटापाशी असा धरला जसा दुकानदार पळणाऱ्या चोराचा धरतो. संत्रं खाली पडलं. तिनं माझी करंगळी पदरानं पुसली, आपल्या तळहातावर गोळी ठेवली आणि माझं बोट तिच्यावरून ओढलं.

नखुला पडला. टेबलाच्या काचेवर पडला आणि फिरत्या पंख्यानं हळूच सरकला.

तिनं तो उचलून उजेडात धरला. किती तरी वेळ बघत होती. मग कामिनीला म्हणाली, "माये सगळे कापून टाक, मेनवालं कर. अन् याईच्या या बोटाले साबण, ब्रश, जे काय हाय त्यानं धू. तीन खेपा."

मी स्टुलावरून उठलोच. नखुल्यांच्या खोलीत पुरुष जात नाही, हे मी तिला सांगितलं. माझे वडील कधी गेले नाहीत, आजोबा गेले नाहीत, आणि लोक मला काय म्हणतील. ती शांतपणे पुन्हा खुर्चीत बसली, हात पुढं केले.

"खाप्यात तोंड तुमचं होतं," ती म्हणाली. "आता बोट बी तुमचंच."

मग आम्ही दोघं शेजारी शेजारी, पुढ्यात कोमट पाण्याच्या वाट्या. तिची उरलेली नखं एकेक करून ट्रेमध्ये पडली. चिरलेल्या अंगठ्याला कात्री लागली तेव्हा तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. माझ्या नखातून कामिनीनं काय काय काढलं ते लिहिण्यासारखं नाही. त्यात मागच्या सरकारच्या काळातलंही असावं. मग सिंधू सांगेल तशी तिनं धार लावली, इकडून थोडं, तिकडून थोडं, बोटावर फिरवून बघ, अजून पातळ. फक्त चमक आणू नको, एवढी माझी विनंती तिनं मानली.

पुढचे दोन दिवस मी करंगळी वर धरून काढले. सिंधूनं तिला धुतलेल्या फडक्यात गुंडाळलं होतं. बटण लावायला मना, दार ओढायला मना, खाजवायला तर मुळीच नाही. चहाच्या टपरीवर एकाला मी सांगितलं विंचू चावला, दुसऱ्याला सांगितलं बोटाचा विमा काढलाय. मंगळवारी दुपारपर्यंत मी घरात इतक्या येरझारा घातल्या की भावनानं मला झाडू देऊन पाहिला. मला एकच भीती, बायजाबाईसमोर काय बोलायचं. शेवटी जुळवलं: मला स्वप्नात दृष्टान्त झाला, नातीच्या लग्नात पुरुषानं नखुले करावेत असा नवस आहे, मोडला तर खाप्याच्या नदीला पूर येईल.

बुधवारी पाट मांडला, परातीला हळदकुंकू लावलं, पाच सवाष्णी बसल्या आणि सहावा मी. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत होत्या. बायजाबाई आली. चष्म्याची काडी तशीच बांधलेली, काखेत पेपर. तिनं सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या फडक्यातल्या बोटाकडे.

मी घसा साफ केला. दृष्टान्ताच्या पहिल्या शब्दालाच सिंधू म्हणाली, "चूप बसा."

मग तिनं दोन्ही हात पदराबाहेर काढले आणि बायजाबाईपुढं उताणे नाही, पालथे धरले. आखूड, मेण मुरवलेली, उघडी नखं.

"ईनबाई, नखं गेले माये," ती म्हणाली. "औषध करून राहिली, चार-पाच महिन्यानं येतीन. आज नख याईचं, हात माया. तुमाले चालत नसन त आत्ताच सांगा."

कोणी हललं नाही. मी सोडून, माझा पाय आपोआप हलत होता. वर पंखा फिरत होता. बायजाबाईनं सिंधूचा अंगठा हातात घेतला, स्वतःच्या डोळ्यांपाशी नेला, त्यावरून आपलं बोट फिरवलं. मग खाली ठेवला.

"मंग पंखा बंद करा," ती म्हणाली. "कामठीले जातीन."

पंखा बंद झाला. सिंधूनं माझं मनगट आपल्या काखेत घट्ट धरलं, बोट पेनासारखं पकडलं आणि सुरू केलं. पहिला पडला, दुसरा पडला. माणसाचं नाक तेव्हाच का खाजतं, याचा शोध कोणी लावलेला नाही. माझं खाजलं. पायाला मुंग्या आल्या. खांद्यात कळ आली. जरा हललो की नखुला वाकडा पडे आणि सिंधू तो बाजूला टाकून माझ्याकडे न बघता मनगट आणखी आवळी. जन्मात मी तेवढा वेळ एका जागी बसलेलो नाही, आणि तोंड बंद ठेवून तर नाहीच. दीड तासानं मूठ भरली. तिनं ती परातीत सोडली, पण माझं मनगट सोडलं नाही.

बायजाबाईनं पेपर उघडला. एक नखुला उचलून बातमीवर ठेवला, चष्मा पुढं केला, मागं केला. सगळ्या वाकल्या.

"अक्षर वाचता येत नाई," ती म्हणाली. "पण ओळ कुठं हाय, ते समजते."

सिंधू हसली. खाप्यापासून पहिल्यांदा.

बायजाबाईनं पेपराची घडी केली, पाटावर टेकून बसली, बाह्या सावरल्या आणि एक गोळी स्वतःसाठी घेतली. मग माझ्याकडे, म्हणजे आपल्या व्याह्याकडे, बघत सहज म्हणाली, "माया माईच्या नखुल्यातून पायलं, की लोकाईच्या चष्म्याचा नंबर उतरे, इवाई. सावनेरचा डॉक्टर दुकान बंद करून गेला."

मी तोंड उघडलं. यावर माझ्याकडे मोठं काहीतरी होतं, अगदी जिभेवर. पण तेवढ्यात करंगळी आवळली गेली. सिंधूनं दुसऱ्या मुठीची गोळी तळहातावर ठेवली होती.