मागे फिरायचं नाही

व्हिएतनामातल्या आमच्या कॅन थोच्या बाजाररस्त्यावर मोटारसायकली थांबायची वाट बघत बसलात, तर उभ्या जागी केस पिकतील. हात वर धरायचा, लोंढ्यात पाय घालायचा आणि एका चालीनं हळू चालत राहायचं. ट्रक-बस दिसली तर पाऊलच टाकायचं नाही. पण एकदा निघालात की थांबायचं नाही, पळायचं नाही आणि मागे तर मुळीच फिरायचं नाही. गाडीवाला तुमची चाल बघून बाजूनं जातो. तुम्ही मागे फिरलात की त्याचा अंदाज चुकतो.

दोन्ही नातवंडांना हे मीच शिकवलं. आणि शिकवायचं म्हणजे थापा आल्याच; शाळेच्या फाटकाशीसुद्धा पोरं माझ्या थापा ऐकायला गोळा व्हायची.

"तुमचे आजोबा इतके हळू चालायचे, की एक गाडीवाला त्यांना वळसा घालून गेला, त्यानं लग्न केलं, पोरं झाली, पोरांना घेऊन परत आला, तरी आजोबा आपले रस्त्याच्या मधोमध!"

"खोटं!" थोरला त्वान ओरडायचा.

"शप्पथ! पोरांना खाऊसुद्धा दिला त्यांनी तिथेच." मी म्हणायचे. धाकटी लुआ हसून हसून लोळायची.

टेटचा, नव्या वर्षाचा सण झाला आणि त्वान गेला. दोघं शाळेतून येत होती, त्याच रस्त्यावर. इतकं शिकवलेलं पोर अर्ध्या रस्त्यातून मागे का फिरलं, कुणाला कळलं नाही. लुआ बोलेचना. घरात पूर्वजांच्या फळीवर आता त्याचा फोटो आहे. मोठ्यांनी लहानापुढे वाकायचं नसतं, म्हणून उदबत्ती लुआ लावते. आम्ही तिच्या मागे नुसते उभे.

त्यानंतर ती रस्ता ओलांडेना. बापाच्या गाडीवरही बसेना. आणि शाळा पलीकडे. सून म्हणाली, "आई, तुम्हीच बघा काहीतरी. माझे तर पायच वळत नाहीत तिकडे."

सकाळी मी तिला घेऊन गेले. कडेला येताच ती मटकन खाली बसली.

"काय म्हातारे," नूडल्सवाली तुयेत म्हणाली, "पोरीला पलीकडे नेतेस, की रस्त्यालाच इकडे बोलावतेस?"

"बोलावलाय. अंघोळ करून येतो म्हणाला."

लुआ हसली नाही. खाली बघत म्हणाली, "आजी, चप्पल माझी होती."

"कुठली गं?"

"निसटली पायातून. मी म्हटलं, दादा, माझी चप्पल. मग तो वळला."

मी तिला जवळ ओढलं. "बाळा, तुझी काही चूक नाही. चप्पल कुणाचीही निसटते."

ती माझ्याकडे निरखून बघत राहिली.

"ही थाप आहे ना?"

"नाही गं. शप्पथ."

"आजोबांच्या वेळी पण शप्पथच म्हणाली होतीस."

"तुयेत, तू तरी सांग हिला!"

"खरंच बोलतेय गं आजी," तुयेत पळी घेऊन तशीच उभी.

"तू नेहमीच तिच्या बाजूनं बोलतेस," लुआ म्हणाली.

मग ती उठली. दोन्ही चपला काढून एका हातानं छातीशी धरल्या, दुसरा हात वर केला. "चल."

डांबर सकाळीच तापलं होतं. मी शिकवलं होतं अगदी तशी चालली ती. एका चालीनं, हळू, नजर गाड्यांवर. "ए आजी, चटके बसताहेत पोरीला, चप्पल घाल की तिला!" एक गाडीवाला ओरडून गेला. ती थांबली नाही.

पलीकडे मी चपला घालायला वाकले. तिनं दिल्या नाहीत.

"दुपारी परत यायचंय ना," म्हणाली, आणि अनवाणीच फाटकातून आत गेली.

मला राहवलं नाही. गजांना धरून मी ओरडले, "लुआ! तुझी चूक नाही गं! खरंच नाही!"

अंगणातली पोरं माझा आवाज ऐकून पळत आली. "लुआची आजी! लुआची आजी!" फाटकाशी ही गर्दी, आणि सगळी आधीच हसायला लागलेली.