आठ नंबरचा जोड

मी एक कागद बोलतोय. जाड, गुळगुळीत, कडेला सोनेरी रेघ असलेला. पेणला रामवाडीत पोपटशेठचं चपलांचं दुकान आहे, तिथलं मी भेटकार्ड. ज्यांना समोरच्याला 'तुला काय हवं?' हे विचारायला जमत नाही, ती माणसं मला विकत घेतात. त्यामुळे मला मागणी बरी असते.

दिवाळीच्या आधी मृणाली दुकानात आली. लग्नाला जेमतेम सहा महिने, त्यात पोटुशी, तिसरा महिना. माहेर खाडीकाठचं, सासर रोह्याजवळ वरशाला.

"बाबांसाठी चपला हव्यात."

"साइज?"

"ठाऊक नाय."

पोपटशेठ हसला. "बापाच्या पायाचा साइज लेकीला ठाऊक नाय?"

"ते मिठागरात असतात, शेठ. बघावं तेव्हा घोट्यापर्यंत चिखल. अख्खा पाय मी कधी बघितलाच नाय."

मग त्याने मला पुढे केलं. "हे घे. ज्याचं नाव त्यानेच येऊन आपल्या मापाचा जोड न्यायचा. तीस एप्रिलपर्यंत चालेल."

तिने माझ्यावर नाव लिहिलं, 'काळुराम'. खाली स्वतःचा फोन नंबर. नाव पडेपर्यंत मी कोणाचाच नव्हतो. त्यानंतर मात्र दुसऱ्या कोणाचा होऊ शकलो नाही.

भाऊबिजेला तिने मला बापाच्या हातात ठेवलं. बोटं मिठाने चिरलेली, पायांच्या भेगांत तर मीठच भरलेलं. त्याने मला उलटंपालटं केलं आणि परत तिच्याकडे धरलं.

"लेकीचं घेत नाय गो आम्ही."

"वस्तू कुठे हाय? कागद तर हाय."

आई, जनी, चुलीपाशी फिसकन हसली. "घ्या आता. हरलात."

"नातवंड होईपर्यंत लेकीच्या दारचं पाणी पण घेत नाय," तो म्हणाला. "ते होऊ दे. त्याच दिवशी जातो आणि चपला घालून येतो तुझ्या घरी. मग तर झालं?"

त्याने मला सदऱ्याच्या खिशात घातलं. दिवसभर तो सदरा मिठागरावरच्या खोपटात खुंटीला असायचा. वाऱ्यातून मीठ यायचं, माझी सोनेरी रेघ हळूहळू पांढरी पडली.

थंडीत एकदा त्या खिशातून मीही वरशाला गेलो. काळुराम अनवाणीच आला, पायरीवरच बसला. जावई अमोल धाटावच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून आला, "आत या ना, बाबा," म्हणाला. मृणालीने पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला. काळुराम तांब्याकडे बघत राहिला. उठताना म्हणाला, "ठेव. येतोच हाय."

मार्चमध्ये भर उन्हात मीठ ओढता ओढता तो बांधावर टेकला आणि पुन्हा उठला नाही. त्याला घेऊन गेले. सदरा खुंटीलाच राहिला आणि खिशात मी.

माहेरी दुखवटा, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. तीस एप्रिलला सकाळी मृणालीला मुलगी झाली. मला हे कसं कळावं? पण त्या दुपारी खोपटात कोणी नसताना खिशात बोटं आली. चिरलेली. ओली. ऊन एवढं, पण त्या बोटांना ऊब नव्हती.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, पोपटशेठ आत जेवत होता. बाहेर आला तेव्हा मी गल्ल्यावर पडलो होतो, भिजलेला. फरशीवर दारापासून मांडणीपर्यंत पावलं उमटली होती, वाळून पांढरी झालेली. परतीचं पाऊल एकही नव्हतं. मांडणीतला एक जोड गेलेला.

शेठने माझ्यावरचा नंबर फिरवला. "बाबा येऊन गेले गो तुझे. मी जेवत होतो, पण हाक तरी मारायची! अगदी शेवटच्या दिवशी आठवण झाली त्यांना."

काळुराम मार्चमध्येच गेला, हे शेठला कोणी कळवलेलं नव्हतं.

मग मृणालीने विचारलं, "साइज काय निघाला?"

"आठ."

"ते कार्ड ठेवा. हे येऊन नेतील."

अमोलने मला आणलं. आता मी बाळाच्या उशीखाली असतो.

बाराव्या दिवशी बारसं झालं. पाहुणे आपापल्या चपला शोधत, एकमेकांच्या घालत, हसत गेले. दारात एक जोड उरला. नवा, आठ नंबरचा. शेजारी पाण्याचा तांब्या, रिकामा, काठावर पांढरं वर्तुळ.

"कोण विसरलं?" अमोल म्हणाला. "उचलून ठेवू?"

"नको," मृणाली पाळण्याची दोरी ओढत म्हणाली. "घालणारा आत हाय."

शिफ्टला जाताना अमोल आता जोडाला वळसा घालून जातो.

माझी मुदत कधीच संपली. तुमच्याही कपाटात माझ्यासारखा एखादा कागद पडला असेल तर तारीख बघा, आणि ज्याचं नाव त्याला, तो पायांनी चालतोय तोवर, दुकानात घेऊन जा. आणि कधी वरशाला आमच्या दारात आलात, तर त्या जोडावर पाय ठेवू नका. रोज सकाळी तो आतून ओला असतो.