सूर्याची साक्ष

पारापुढे सगळं गाव जमलं होतं. सखूबाईच्या मनगटावर टम्म फोड आले होते आणि तिचा हात उंच धरून बाबा गरजत होता, "बघा, सूर्यनारायणानं साक्ष दिली! भानामती हिचीच!"

मारोतरावांच्या नातवाला, पियुषला, फेफरं येत होतं. त्याला दवाखान्यासाठी आदिलाबादच्या बसमध्ये बसवायचं सोडून त्यांनी हा बाबा आणला. परवा त्यानं बायकांच्या मनगटांना तेल लावून त्यांना भर उन्हात बसवलं. जिची कातडी फुटेल ती दोषी, म्हणे. आता सखूबाईला आजच गाव सोडायला सांगत होते. एकटी विधवा बाई, जाणार कुठं? मी इथं शाळेत विज्ञान शिकवते. माझं डोकंच फिरलं.

"मारोतराव, थांबा."

"प्रीती मॅडम, तुमी मधात काऊन पडून राह्यल्या? सूर्य खोटं बोलते का?"

"सूर्य नाही बोलत. परवा मी इथंच होते. बाकीच्यांना वाटीतलं तेल लावलं, सखूबाईला झोळीतल्या शिशीतलं. मग बोट कुठं पुसलं यानं?"

मारोतरावांची बायको भागाबाई हळूच म्हणाली, "आपल्याच कपाळाले. बोटाले उरलेलं गंध पुसते ना मानूस, तसं."

बाबाच्या कपाळावर आज भस्माचा जाड थर होता. "भस्माला हात लावाल तर वंश बुडेल," म्हणत तो मागं सरकला. कोणी हलेना. भस्माखाली फोड नसता, तर सखूबाईचं काही खरं नव्हतं.

शेवटी मारोतरावांनीच त्याचा हात धरला. भागाबाईनं ओल्या पदरानं भस्म पुसलं. भुवईवर फोड होता, सखूबाईसारखाच.

मारोतरावांनी बाबाच्या झोळीतली शिशी काढून हुंगली. "हे तं बावचीचं तेल. माह्या भावाच्या कोडाले वैद्य हेच लावे."

मग मी समजावलं. ऊन आपल्या पेशींतल्या डीएनएच्या धाग्याला रोज इजा करतं आणि पेशीतली विकरं ती रोज दुरुस्त करतात. बावचीतलं द्रव्य उन्हात त्या धाग्याचे दोन्ही पदर एकमेकांना शिवून टाकतं. ती शिवण विकरांना सहज उसवता येत नाही. पेशी मरतात, फोड येतात. पापी-पुण्यवान असा भेद त्यात नसतो.

"म्हंजे भानामती यानंच केली. हाना याले," कोणीतरी ओरडलं.

सखूबाई फोडांचा हात सावरत मधे उभी राहिली. "भानामती यानंबी नाई केली. ते नसतेच. हा लबाड हाय, पोलिसात द्या. आन मारोतभाऊ, पोराले दवाखान्यात न्या. बस येऊन राह्यली."