लोफेंबे मास्तरांच्या गिटारीच्या पोटातून

अहो, वर तारांकडे काय बघताय? मी इथे आत आहे, गिटारीच्या पोटात. मी कपॅसिटर बोलतोय. बोटाच्या पेराएवढा, तपकिरी, दोन पायांचा.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा मी किन्शासात, लोफेंबे मास्तरांच्या घरच्या रेडिओत होतो. तो रेडिओ मुका झाला, तेव्हा मास्तरांनी मला अलगद सोडवून त्यांच्या विजेवरच्या गिटारीत बसवलं. माझं काम सोपं. बारीक, टोकदार सूर माझ्यातून अर्थिंगच्या तारेकडे पळून जातात. जाड्या सुरांना माझ्यातून वाटच मिळत नाही, ते बिचारे लोकांच्या कानी पडतात. बारीक सुरांपैकी किती पळू द्यायचे, हे शेजारचं गोल बटण ठरवतं. मी पळवाट, ते फाटक.

मास्तर गेले आणि गिटार वर्षभर खिळ्याला लटकली. त्यांच्या बायकोने, बोलुम्बुबाईंनी, काळे कपडे घातले. वर्ष सरलं की ते उतरवायचे, रंगीत नेसायचं आणि अंगणात सगळ्यांसोबत नाचायचं, ही इथली रीत. लेकीने, एकिलाने, ठरवलं की त्या दिवशी आईला बाबांचीच गिटार ऐकवायची.

आत एक तार सुटली होती. धाकटे काका बोम्पोंगो पुढे सरसावले. "अगं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!" त्यांनी वितळत्या कथलाचा डाख देऊन ती जोडली, घाम पुसला आणि बियर मागितली.

समारंभाच्या सकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या, मासे तळणीत पडले. एकिलाने तार छेडली, तर गिटार सर्दी झाल्यासारखी घुमली.

"तो कपॅसिटर म्हातारा झालाय," काका म्हणाले. "रेडिओतली अडगळ! काढ आणि फेकून दे."

एकिलाने पक्कड उचलली. मला हात नाहीत, पण दोन्ही पाय गार पडले.

बोलुम्बुबाई काळ्या कपड्यांतच दाराशी उभ्या होत्या. "या आवाजावर मी नाही नाचायची," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा वाजवता वाजवता करंगळीने ते बटण फिरवायचे. गिटार आधी कुजबुजायची, मग खिदळायची. त्या खिदळण्यालाच तर मी फसले, बाई!"

एकिलाने बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आवाजात काडीचाही फरक नाही. तिने पक्कड खाली ठेवली आणि आत डोकावून पाहिलं.

"काका, तार बटणाला जोडायची होती. तुम्ही ती सरळ याच्या पायालाच जोडलीत!"

"जवळचा रस्ता काढला गं."

"तेच ना! बारीक सूर फाटक चुकवून सगळेच्या सगळे पळतायत. हा काय करेल बापडा?"

बापडा! इतकं गोड मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

तार पुन्हा बटणाला जोडून दुपारी एकिला अंगणात वाजवायला बसली. तिची करंगळी बटणावर फिरली. गिटार कुजबुजली, मग खिदळली. पिवळ्या फुलांचं कापड नेसून बोलुम्बुबाई बाहेर आल्या, क्षणभर तोंड झाकून रडल्या आणि मग अशा नाचल्या की खुर्च्या मागे सरकवाव्या लागल्या. "मी सांगत होतो ना, कपॅसिटर चांगला आहे!" काका सगळ्यांना ऐकवत फिरले.

तेव्हा मंडळी, गिटार घुसमटली तर आधी तार कुठून कुठे गेलीय ते बघा, पक्कड मागाहून. माझं म्हणाल तर बरं चाललंय. घरात कुणी नसलं की बोलुम्बुबाई येतात आणि खिळ्यावरच्या गिटारीचं बटण करंगळीने फिरवतात. गिटार गप्पच असते. बाई मात्र हसतात.